मॅकॉ घरी आणायचा म्हणतात, पण दिवसभर त्याच्याजवळ कोण?

वाचक लिहितात :

'मी नागपुरात मानेवाडा भागात राहते. वय ४४. घरीच सातवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात. ह्यांचं इतवारीत दुकान आहे. सकाळी दहाला जातात, रात्री नऊला येतात. मुलगी अकरावीला, मुलगा सातवीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना दमा आहे. गेल्या काही महिन्यांपासून ह्यांनी मोठा पोपट पाळायचं मनावर घेतलं आहे. निळा-पिवळा मॅकॉ, नाहीतर आफ्रिकन ग्रे. एकाने मॅकॉचं सहा आठवड्यांचं पिल्लू दाखवलंय, एक लाख साठ हजार सांगतो. म्हणतो, "हाताने भरवाल तर जन्माचा लळा लागते. कागद-बिगद काही लागत नाही न भाऊ, घरचीच पैदास आहे." ह्यांच्या लहानपणी महाल भागातल्या वाड्यात मिठू होता. त्याच्याबद्दल बोलताना ह्यांचा आवाजच बदलतो. मुलंही हट्टाला पेटली आहेत. मी नाही म्हटलं तर मीच वाईट ठरणार. पण सगळं माझ्याच गळ्यात पडणार हे मला दिसतंय. रविवारी बयाणा द्यायचा म्हणतात. मी काय करू?'

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. हे पिल्लू घेऊ नका आणि रविवारी बयाणा देऊ नका. तुमच्या मिस्टरांची हौस वरवरची आहे असं मला मुळीच वाटत नाही. मोठा पोपट कुणी पाळूच नये असंही माझं मत नाही. पक्ष्यांवर उपचार करताना मी अशी घरं पाहिली आहेत जिथे ग्रे किंवा मॅकॉ खरोखर सुखात आहे. त्या घरांत एक गोष्ट सारखी दिसते : ज्या माणसाला पक्षी हवा होता, तेच माणूस दिवसाचा बराच वेळ त्याच्याजवळ असतं. तुमच्याकडे ज्यांना पक्षी हवा आहे ते दिवसभर दुकानात, आणि ज्यांच्या वाट्याला तो येणार त्या तुम्हाला कुणी विचारलेलंच नाही.

तुमच्या घराचं घड्याळ मांडून बघू. मॅकॉ दक्षिण अमेरिकेतला, ग्रे मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतला. दोघांचे मूळ प्रदेश विषुववृत्ताच्या आसपासचे, जिथे वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास सारखीच असते. त्यामुळे त्यांना रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. सकाळी सहाला जागा झालेला पक्षी संध्याकाळी साडेसात-आठला झोपायला गेला पाहिजे. तुमचे मिस्टर नऊला घरी येतात. म्हणजे दुकानाच्या दिवशी त्यांना संध्याकाळी दिसणार तो कापड टाकलेला पिंजरा. ते आल्यावर त्याला उठवलं आणि हॉलमधला टीव्ही अकरापर्यंत चालू राहिला, तर काही महिन्यांत तो चिडका होतो, ज्याच्या खांद्यावर बसायचा त्यालाच चावायला लागतो. झोप न मिळालेले पोपट माझ्याकडे वारंवार येतात. आणणाऱ्यांना मात्र वाटतं, पक्षी हट्टी आहे, डॉक्टरांनी काहीतरी औषध द्यावं.

मिस्टरांच्या हाती उरते ती सकाळ, आणि सकाळी सात ते नऊ तुमच्या हॉलमध्ये मुलं बसलेली असतात. इथे दुसरी अडचण. रानात मॅकॉ जोडीने आणि थव्याने राहतात. उजाडल्यावर आणि सूर्य मावळण्याआधी ते एकमेकांना हाका मारतात. दाट जंगलातून लांबवरच्या सोबत्यापर्यंत पोचावी अशी ती हाक असते. घराच्या चार भिंतींत तीच हाक १०० डेसिबलच्या आसपास जाते. म्हणजे बरोबर तुमच्या शिकवणीच्या दोन्ही वेळा. तुम्ही नववीच्या मुलांना बीजगणित सांगत असताना शेजारच्या खोलीत मॅकॉ पाच मिनिटं जरी ओरडला तरी तो वर्ग संपला. आणि तो ओरडतो यात त्याची काही चूक नाही. तुम्ही कुठे आहात हे तो विचारतोय. पिंजरा झाकून, दार आपटून, रागावून हे थांबत नाही. उलट आपण ओरडलो की त्याला आपल्या हाकेला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. शिकवण्या हे तुमचं उत्पन्न आहे, ताई. घरात याचा हिशेब कुणी केला आहे का, हे स्पष्ट विचारा.

ग्रे एवढा ओरडत नाही, हे खरं. तो नकला करतो : कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग, सासूबाईंचा खोकला, तुम्ही मुलांना मारलेली हाक. पहिले आठ दिवस सगळ्यांना गंमत वाटते. पण ग्रेची खरी अडचण त्याच्या डोक्यात आहे. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ मध्ये शिकागोतल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून ग्रे जातीचा पोपट आणला होता, ॲलेक्स नावाचा. २००७ मध्ये तो गेला तोवर त्याला शंभराहून अधिक शब्द येत होते. सात रंग आणि पाच आकार ओळखून तो त्यांची नावं सांगायचा, सहापर्यंत वस्तू मोजायचा, दोन वस्तूंत काय सारखं आणि काय वेगळं तेही सांगायचा. ही गोष्ट ऐकली की लोक खूश होतात, आपलाही पोपट असा बोलेल म्हणून. मला त्यातून वेगळंच दिसतं. ॲलेक्सला रोज कितीतरी तास शिकवणारी, त्याच्याशी बोलणारी माणसं होती. तेवढीच बुद्धी असलेला पक्षी दहा-अकरा तास एका पिंजऱ्यात, समोर एक वाटी सूर्यफुलाच्या बिया आणि एक घंटा, असा बसला तर तो काय करेल? पुष्कळदा तो स्वतःची पिसं उपटतो. आधी छातीची, मग मांड्यांची, आणि कधीकधी कातडी फोडण्यापर्यंत मजल जाते. पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी तपासण्या कराव्या लागतात. पण तपासण्यांत काही निघालं नाही की मी घरच्यांना दिवसाचं वेळापत्रक विचारते, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आता वयाचं बोलू. नीट सांभाळलेला मॅकॉ पन्नास वर्षं सहज काढतो, ग्रेही चाळीस-पन्नास जगतो. आज आणलेलं पिल्लू तुमची मुलगी साठी ओलांडेल तेव्हाही जिवंत असू शकतं. तुमच्या मिस्टरांना हे विचारा : आपल्यानंतर हा कुणाचा? 'मुलं बघतील' हे उत्तर पुरेसं नाही. मुलगी दोन वर्षांत बारावी होईल, मग पुणे, बंगळुरू, जिथे प्रवेश मिळेल तिथे जाईल. हॉस्टेलमध्ये मॅकॉ नेता येत नाही. आणि पोपट बहुतेक वेळा घरातल्या एकाच माणसाला आपलं मानतो. कोण ते तोच ठरवतो, पैसे कुणी भरले हे तो बघत नाही. त्याने मुलीला निवडलं आणि ती गेली, तर तो महिनोन्‌महिने तिला शोधेल. तुम्हाला निवडलं, ज्याची शक्यता जास्त आहे कारण दिवसा घरी तुम्हीच असता, तर तुमच्या जवळ येणाऱ्या कुणालाही तो चोच मारेल, त्यात तुमचे मिस्टरही आले. चार-पाच वर्षांचा झाल्यावर मॅकॉ वयात येतो तेव्हा हा स्वभाव एकदम तीव्र होतो. अख्खे अक्रोड फोडणारी ती चोच आहे. मुलाच्या बोटावर बसली तर टाक्यांवर भागेल याची खात्री मी देणार नाही.

विकणाऱ्याचं 'हाताने भरवा, जन्माचा लळा लागते' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सहा आठवड्यांचं मॅकॉचं पिल्लू म्हणजे अर्धवट पिसं फुटलेलं, स्वतः दाणाही न खाऊ शकणारं बाळ. ते स्वतः पोटभर खायला शिकतं साधारण चार महिन्यांनंतर, कधी आणखी उशिरा. तोवर दिवसातून चार-चार वेळा ठरावीक तापमानाचं पातळ खाणं सिरिंजने द्यावं लागतं. जरा गरम झालं की गळ्याखालची अन्नपिशवी आतून भाजते. थंड झालं की ते पिशवीतच आंबतं. सिरिंज चुकीच्या बाजूने दाबली की खाणं श्वासनळीत जातं, आणि मग पिल्लू वाचवणं फार अवघड होतं. हे काम अनुभवी माणसाचं आहे. विकणारे लवकर देतात कारण त्यांची मेहनत आणि जोखीम वाचते, आणि पिल्लू दगावलं तर 'तुमचंच काहीतरी चुकलं' म्हणता येतं. लळ्याचं म्हणाल, तर आई-बापांजवळ आणि भावंडांत थोडं वाढून, स्वतः खायला लागून मग आलेला पक्षी माणसाला लळा लावतोच, आणि पुढे त्याचा स्वभावही जास्त स्थिर राहतो. नऊला घरी येणाऱ्या माणसाने दिवसातून चार वेळा भरवायचं पिल्लू आणायचं, म्हणजे सिरिंज तुमच्याच हातात येणार, दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात.

आणि कागद लागतात. पूर्वी परदेशी पक्ष्यांबाबत आपला कायदा फारसं बोलत नव्हता, त्यामुळे बाजारात अजून तीच समजूत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वन्य जीवांच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, साइट्स, त्याच्या परिशिष्टांतल्या जाती आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आहेत. निळा-पिवळा मॅकॉ त्यात आहे, ग्रेही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. असा पक्षी घरात आला की ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करायची, आणि पुढे पिल्लं झाली, पक्षी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला तरी कळवायचं. 'घरची पैदास' असेल तर पैदास करणाऱ्याकडे आई-बाप पक्ष्यांची नोंद हवीच. ती दाखवता येत नसेल तर त्या शब्दाला काही अर्थ नाही. ग्रेच्या बाबतीत मी जास्तच कडक आहे. पिंजऱ्यांच्या बाजारासाठी तो आफ्रिकेत इतका पकडला गेला की घानासारख्या देशातून जवळपास नाहीसा झाला. म्हणून २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत त्याला साइट्सच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात टाकलं. बिनकागदाचा ग्रे घेताना तो कुठून आला हे आपल्याला कधीच कळत नाही.

यावर घरात कुणीतरी म्हणेल, 'मग आपला साधा मिठूच आणू.' तो तर बिलकूल नाही. आपला कंठवाला हिरवा पोपट आणि खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, दोन्ही भारतातले वन्य पक्षी. त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे आणि त्याला कैदही होऊ शकते. महालातल्या वाड्यात मिठू होता तो काळ वेगळा होता, त्याबद्दल मिस्टरांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. आज मात्र रस्त्याकडेला किंवा कुणाच्या घरी विकायला ठेवलेली पोपटाची पिल्लं म्हणजे झाडाच्या ढोलीतून काढलेली पिल्लं. तुम्हाला अशी विक्री दिसली तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. उन्हाळ्याच्या तोंडी घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर घरी वाढवत बसू नका, सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये, म्हणजे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात, न्या.

आता तुमच्या घराबद्दल. आणि इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. मॅकॉ उष्ण प्रदेशातला आहे म्हणून त्याला आपलं ऊन चालेल, हा समज चुकीचा. त्याचं मूळ घर दमट, सावलीचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हाची आपली कोरडी झळ त्याला सोसत नाही. पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि पंख अंगापासून दूर धरतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवलेला पक्षी तासाभरात दगावू शकतो. कूलर लावलात तर त्याला खिडकी उघडी लागते, आणि मोकळा सोडलेला पक्षी त्याच खिडकीतून जातो. शिवाय कूलरच्या ताट्या ओल्या आणि जुन्या राहिल्या की त्यात बुरशी धरते. तिच्या कणांनी पोपटांना फुप्फुसाचा जो आजार होतो तो बरा करणं फार कठीण. एसी चालतो, पण मग महिन्याच्या खर्चात तो धरा.

छताचे पंखे हा आपल्याकडचा फार मोठा धोका आहे, आणि परदेशी व्हिडिओंत तो कुणी सांगत नाही. पक्षी पिंजऱ्याबाहेर असेपर्यंत घरातला एकही पंखा चालू नको. मेमध्ये, दुपारी, सासूबाई घरात असताना हे जमेल का? स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा किंवा कढई रिकामी तापली तर तिच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, शेजारच्या खोलीत असला तरी. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनाइलचा वास, सगळं त्यांच्या फुप्फुसांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. पिंजरा स्वस्तात करून घेतो म्हणून लोक जी.आय. जाळी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी, आणतात. पोपट ती चघळतो आणि जस्ताची विषबाधा होते. मॅकॉला पंख पूर्ण पसरता येतील एवढा पिंजरा लागतो, म्हणजे दोन्ही हात फैलावून उभ्या असलेल्या तुमच्या मुलीइतकी रुंदी धरा. तुमच्या हॉलमध्ये बेंच हलवल्याशिवाय ती जागा निघेल असं मला वाटत नाही.

सासूबाईंचा दमा मी वेगळा काढते, कारण एवढ्या एका कारणावर निर्णय थांबू शकतो. ग्रे आणि काकाकुवा यांच्या अंगातून सतत पांढरी भुकटी झडते, फर्निचरवर बोट फिरवलं की दिसते. दम्याच्या माणसाबरोबर एका छताखाली ग्रे ठेवायला मी स्पष्ट नाही म्हणेन. मॅकॉची भुकटी कमी असते, पण पिसांचे आणि वाळलेल्या शिटेचे कण असतातच. त्यात पोपटांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा एक जंतुसंसर्ग आहे, जो सासूबाईंच्या वयाच्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. त्यावर औषध आहे आणि ते लागू पडतं, पण डॉक्टरांना घरात पोपट आहे हे सांगितलं तरच त्यांच्या मनात येतं. सासूबाईंच्या छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि मिस्टरांना सोबत घेऊनच विचारा. म्हणजे 'नाही' तुमच्या तोंडून यायला नको.

खाण्याचं थोडक्यात सांगते. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे दिले की यकृतात चरबी साठते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. पेलेट (पोपटांसाठी तयार मिळणारं दाणेदार खाणं), गाजर, लाल भोपळा, मोड आलेले मूग, पालेभाजी, पेरू, आपली संत्री, थोडे अक्रोड-बदाम असं रोज ताजं चिरून द्यावं लागतं. चहा, चॉकलेट, चिवडा, ॲव्होकॅडो अजिबात नाही. मिरची हवी तेवढी द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. भिवापुरी मिरची मॅकॉ शांतपणे चघळताना मी पाहिला आहे, आणि बघणाऱ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग मिस्टरांशी बोलायचं कसं? 'मला त्रास होईल' इथून सुरू करू नका, तो मुद्दा खरा असला तरी. त्यांना आधी विचारा, मिठूचं नेमकं काय आठवतं? माझा अंदाज आहे की ते सांगतील : घरी आल्यावर तो ओळखून ओरडायचा, आजोबांच्या हातून खायचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाला कुणीतरी आपली वाट बघत असावं असं वाटणं अगदी साहजिक आहे. ते ऐकून घ्या. मग त्यांना सांगा की हा पक्षी त्या वेळी झोपलेला असेल. मला वाटतं, ही एकच गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नाही, आणि दर्दी माणूस ती लगेच समजेल.

तरीही ते ठाम राहिले तर एक महिना मागून घ्या. या महिन्यात पक्ष्याचं काम पक्ष्याविना करायचं, आणि ते त्यांनीच करायचं. सकाळी सहाला उठून दीड तास शिकवणीच्या खोलीपासून लांब एका खोलीत बसायचं, मोबाइल बाजूला ठेवून. भाज्या-फळं चिरून दोन वाट्या भरायच्या. जिथे पिंजरा यायचा तिथे वर्तमानपत्रं अंथरायची आणि दोनदा बदलायची. आठवड्यातून निदान तीन दिवस संध्याकाळी सहाला घरी यायचं. आठनंतर त्या खोलीत दिवा आणि टीव्ही बंद. कुणाच्या लग्नाला दोन दिवस वर्ध्याला जायचं निघालं तर या काळात त्याच्याकडे कोण थांबेल, ते नाव कागदावर लिहायचं. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण मी अनेकांना करायला लावलं आहे. ज्यांना जमलं त्यांना आपण काय अंगावर घेतोय हे कळलं, ज्यांना दुसऱ्याच आठवड्यात दुकानामुळे खाडे पडले त्यांनी आपणहून विषय सोडला. दोन्ही वेळा घरात भांडण झालं नाही. शिवाय ज्याच्याकडे मॅकॉ आहे अशा एखाद्या ओळखीच्या घरी संध्याकाळी साडेपाच-सहाला जाऊन या, सगळेजण, मुलंसुद्धा. दुपारी जाऊ नका, दुपारी सगळेच पोपट शहाणे असतात.

मुलांना पक्षी जवळून बघायचे असतील तर गच्चीवर कुंड्यांत सूर्यफूल लावा आणि फुलं वाळू द्या. मातीच्या परळात पाणी ठेवा, रोज बदला. मानेवाड्यात हिरवे पोपट येतात, दाणा भरला की ते शोधत येतीलच, आणि ती वेळ सकाळची असते, मिस्टर दुकानात जायच्या आधीची. घरात पक्षी हवाच असेल तर बजरीगर या छोट्या पोपटांची जोडी हा माणसाला झेपणारा मार्ग आहे. हे लहान पक्षी साइट्सच्या यादीत नाहीत, त्यांना नोंदणी लागत नाही, ते एकमेकांच्या सोबतीने दिवस काढतात आणि त्यांचं आयुष्य पाच ते दहा वर्षांचं असतं. कॉकटिएल (बाजारात 'कॉकटेल' म्हणतात तो छोटा पोपट) गोड पक्षी आहे, पण भुकटी त्याचीही बरीच झडते, म्हणून तुमच्याकडे नको. बजरीगरबद्दलसुद्धा सासूबाईंच्या डॉक्टरांचा होकार आधी.

आणि महिन्याची परीक्षा मिस्टर पास झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, तुम्हीही मनापासून हो म्हणालात, तर मग माझा विरोध राहणार नाही. तेव्हाही पिल्लू घेऊ नका. आपणहून खाणारा, पायात बंद कडं असलेला, नोंदणीचे कागद असलेला पक्षी बघा. कुणी परगावी बदली झाल्यामुळे आपला आठ-दहा वर्षांचा मॅकॉ रीतसर द्यायला तयार असेल तर तो सगळ्यात बरा. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, तो किती ओरडतो हे आधी बघता येतं, आणि त्यालाही घर हवं असतं. पैसे द्यायच्या आधी पक्ष्यांचं कळणाऱ्या डॉक्टरांकडून त्याची विष्ठा आणि रक्त तपासून घ्या. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर पक्षी बघतातच असं नाही, म्हणून घरापासून पोचता येईल असा डॉक्टर आधी शोधा, पक्षी नंतर. आणि एवढं करून नाहीच जमलं तर त्याला आकाशात सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेला मॅकॉ नागपूरच्या घारी-कावळ्यांत आणि संक्रांतीच्या मांज्यात टिकत नाही. गोरेवाडा काय किंवा ट्रान्झिट सेंटर काय, ती वन्यप्राण्यांसाठीची ठिकाणं आहेत, नकोसे झालेले पाळीव पक्षी ठेवायची सोय नव्हे.

तोवर विकणाऱ्याचा फोन येईल, 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आजच सांगा' म्हणेल. त्याला एवढंच विचारा की आई-बाप पक्ष्यांच्या नोंदीचा कागद दाखवता का, आणि पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत तुमच्याकडेच ठेवता का. दोन्हींना तो हो म्हणाला तरी महिना पुरा होईपर्यंत पैसे देऊ नका. एकालाही नाही म्हणाला तर फोन ठेवून द्या.